एका वर्षाचे प्रतिज्ञापत्र

बारावीनंतर किंवा पदवीनंतर एखाद्या विद्यार्थ्याचे एक वर्ष शिक्षणाबाहेर गेले, तर पुढच्या प्रवेशाच्या वेळी त्याला एक प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. बोलीभाषेत त्याला ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात. कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या टंकलेखकाकडे त्याचा मसुदा तयारच असतो. अमुक साली मी कोठेही प्रवेश घेतला नव्हता, कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता, वगैरे. खाली सही, साक्षीदार, नोटरीचा शिक्का. उभे आयुष्य बँकेत काढल्यामुळे कागद हाती आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची मला सवय आहे. या कागदातली एक गोष्ट मला नेहमी खटकते. वर्षभरात काय केले नाही, हे सांगायला त्यात भरपूर जागा आहे. काय केले, हे सांगायला एकही ओळ नाही.

म्हणजे शिक्षणात पडलेला खंड हा आपल्या लेखी एक संशयास्पद प्रकार असतो. आरोप कोणी केलेला नसतो, पण खुलासा आधीच मागितला जातो.

गंमत अशी की, हा संशय सगळ्याच खंडांच्या वाट्याला येत नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडले म्हणून मुलाने ‘ड्रॉप’ घेतला, तर आमच्या खामगावात कोणाची भुवई वर जात नाही. अकोल्याला खोली घ्यायची, खानावळ लावायची, क्लासची फी भरायची, गरज पडली तर शेत गहाण ठेवायचे. एक वर्ष काय, काही घरांत तीन-तीन वर्षे अशी जातात. ती वर्षे वाया गेली असे कोणी म्हणत नाही. पण एखाद्या मुलीने सांगितले, की पदवी झाली, आता एक वर्ष मी कोठेतरी जाऊन बिनपगारी काम करते, मग पुढचे पाहू, की लगेच घरात बैठक बसते. मामा येतात, आत्या येते. मुलीच्या लग्नाचे वय निघते. ‘डोकं फिरलं का हिचं?’ असा प्रश्न तिच्यासमोरच तिच्या आईला विचारला जातो.

आमच्या घरी अशी बैठक बसली होती. माझ्या पुतणीची मुलगी विज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडली आणि केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासा शहरापासून काही अंतरावरच्या एका खेड्यातील शाळेत दहा महिने गणित शिकवायला जाते म्हणाली. आमच्या घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंनी, म्हणजे माझ्या वहिनींनी, एकच प्रश्न टाकला : ‘‘पोरीले एवढ्या दूर कायले धाडता? इथं का शाळा कमी हायेत?’’

प्रश्न बिनतोड होता. या लेखातही तो सोडून पुढे जाता येणार नाही. त्याकडे मी शेवटी येईन.

पाश्चात्त्य देशांत ही प्रथा कशी रुजली ते आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक देश स्वतंत्र होऊ लागला, साम्राज्ये आटली, आणि तिकडच्या तरुणांना जग पाहायला नवे निमित्त हवे होते. ब्रिटनमध्ये १९५८ साली अ‍ॅलेक डिक्सन यांनी स्वयंसेवक परदेशी पाठवणारी ‘व्हीएसओ’ ही संस्था सुरू केली. सुरुवातीला जाणारी मुले शाळा संपवून विद्यापीठात जाण्यापूर्वीची, जेमतेम अठरा वर्षांची असत. अमेरिकेत १ मार्च १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी ‘पीस कोअर’ स्थापन केले. त्याच वर्षी त्याचे तरुण भारतातही आले आणि १९७६ पर्यंत येत राहिले. कोंबडीपालन, शेती, आरोग्य अशी कामे त्यांनी खेड्यापाड्यांत केली. पुढे १९७१ पासून संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवकही कामाला लागले. हळूहळू तिकडे शाळा आणि कॉलेज यांमध्ये एक वर्ष मोकळे ठेवणे ही मध्यमवर्गाची रीत झाली. काही महिने काम, काही महिने भटकंती, आणि मग वर्गात परत.

आपण मात्र लहानपणी देशाटनाचे गुण पाठ केले आणि देशाटन तेवढे टाळले. खामगावचेच पाहा. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो येथे येऊन जलंब-खामगाव या छोट्या रेल्वे फाट्याचे उद्‌घाटन करून गेला. व्हाइसरॉयने या फाट्यासाठी वऱ्हाडात यावे, याचे कारण एकच : कापूस. आमच्या बाजारातल्या गाठी त्या फाट्याने जलंबला, तेथून मुंबईला आणि मुंबईहून समुद्रमार्गे लिव्हरपूलला जात. लिव्हरपूलच्या भावावर खामगावचा भाव हलत असे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी एका परदेशी बंदराशी या गावाचे रोजचे देणेघेणे होते. फरक इतकाच, की कापूस गेला आणि माणसे घरीच राहिली.

तर आमची ही मुलगी गेली. जाण्यापूर्वी मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पै-पैचा हिशेब लिही. दुसरी, आजोबांना पत्र लिही. पहिली तिने तंतोतंत पाळली. दुसरीत पत्रांऐवजी मोबाइलवर लांबलचक ध्वनिमुद्रित निरोप येऊ लागले, पण कागदाचा हट्ट मी सोडून दिला. तिच्या आवाजामागे ऐकू येणारा समुद्र कागदावर उतरला नसता.

पहिल्या दोन महिन्यांचे निरोप मोठे प्रामाणिक होते. ‘‘आजोबा, इथे माझी गरज आहे असं मला वाटत नाही. इथले गणिताचे शिक्षक माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात. मुलं माझं इंग्रजी ऐकून हसतात.’’ मला हे ऐकून बरे वाटले. जगाचा उद्धार करायला निघालेल्या माणसाला तिसऱ्याच आठवड्यात असे वाटू लागले, तर तो शहाणपणाच्या वाटेवर आहे असे समजावे. पुढे तिने आपले काम शोधले. वर्गात मागे पडलेल्या मुलांना संध्याकाळी वेगळे बसवून पाढे आणि अपूर्णांक घ्यायचे, आणि शाळेच्या ग्रंथालयातली विस्कटलेली पुस्तके नोंदवून लावायची. वर्षभराची कमाई एवढीच.

मग शाळेला सुट्टी लागली आणि ती मोंबासा पाहायला निघाली. तिच्या आईला याच गोष्टीचा राग आला होता. सेवा करायला गेली आणि सहलीला लागली! मला मात्र तिचे सुट्टीतले निरोप शाळेतल्या निरोपांपेक्षा मोलाचे वाटले. कारण शाळेत ती द्यायला गेली होती. शहरात तिला घ्यावे लागले.

मोंबासा हे शहर एका बेटावर वसले आहे. १४९८ साली वास्को द गामा येथे आला होता. जवळच्या मालिंदीहून वाटाड्या घेऊन तो पुढे कालिकतला पोहोचला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधलेला फोर्ट जीझस अजून किनाऱ्यावर उभा आहे. तो जागतिक वारसा म्हणून २०११ साली घोषित झाला. पण किल्ल्यापेक्षा आमच्या मुलीला बाजारात जास्त नवल वाटले. दुकानाला तिकडे ‘दुका’ म्हणतात. गाडीला ‘गारी’. पैशाला ‘पेसा’, चहाला ‘चाई’, रंगाला ‘रांगी’, विम्याला ‘बिमा’, अननसाला ‘नानासी’ आणि हिशेबाला ‘हेसाबु’. यातले काही शब्द हिंदुस्थानातून तिकडे गेले, काही अरबी-फारशीतून दोन्हीकडे आले. व्यापारी, खलाशी आणि मजूर यांनी शेकडो वर्षे ते वाहून नेले. मोंबासाहून आत जाणारी रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली, तेव्हा हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर तिकडे नेले होते. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास तेथेच मेले. त्या रुळांच्या जोडीला आता २०१७ पासून चिनी कंपनीने बांधलेल्या नव्या मार्गावर गाडी धावते. आणि रस्त्यावर भाड्याने माणसे नेणाऱ्या मोटारसायकली, ज्यांना तिकडे ‘बोडा-बोडा’ म्हणतात, त्यांतल्या कितीतरी आपल्या बजाजच्या. परक्या मुलखात उभे राहून मुलीला घरचेच सामान दिसत होते.

एके सकाळी तिने रस्त्याकडेच्या टपरीवर न्याहारी मागितली. तळलेली, किंचित गोड, फुगीर पोळी आणि सोबत नारळाच्या दुधात शिजवलेले दाणे. या दाण्यांना तिकडे ‘म्बाझी’ म्हणतात. पहिला घास घेतला आणि ती थबकली. ती तूर होती. अख्खी तूर! आमच्या वऱ्हाडातल्या मुलीला तुरीची चव सांगावी लागत नाही. तिच्या बापाच्या शेतात कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे तास असते.

तिने मला विचारले, ‘‘आजोबा, आपल्याकडे बाबा म्हणतात आफ्रिकेची तूर आली आणि भाव पडले. ती हीच का?’’

तो प्रश्न ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. २०१६ साली भारताने मोझांबिकशी डाळी आयात करण्याचा करार केला. त्याच हंगामात आपल्याकडे तूर उदंड पिकली. सरकारचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये होता, पण बाजारात त्याच्या खाली भाव गेला आणि २०१७ च्या उन्हाळ्यात विदर्भातले शेतकरी नाफेडच्या खरेदी केंद्रांबाहेर पोत्यांवर दिवसेंदिवस बसून होते. तो राग मी बाजार समितीच्या आवारात डोळ्यांनी पाहिला आहे. पण त्या रागाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे आमच्यापैकी कोणी पाहिले होते? मोझांबिक, टांझानिया, मलावीतला दोन-चार एकरांचा शेतकरी. त्याचाही भाव भारत आज दार उघडतो की उद्या लावतो यावर ठरतो. मुलीने नंतर कळवले, की टपरीवाल्या बाईला तिने खामगावची तूर कशी असते ते मोबाइलवरच्या चित्रात दाखवले. बाईने चित्राकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि ताटात आणखी एक पोळी टाकली. पैसे घेतले नाहीत.

दुसरा प्रसंग पैशाचाच. मोंबासा बेट आणि दक्षिणेचा किनारा यांमध्ये लिकोनीची फेरी चालते. पायी जाणाऱ्यांना ती फुकट असते. पलीकडे उतरून परतीच्या वाटेवर ती चुकीच्या ‘मटाटू’मध्ये, म्हणजे आपल्या काळीपिवळीसारख्या गाडीत बसली आणि भलतीकडे पोहोचली. संध्याकाळ झाली होती, जवळचे रोख पैसे संपले होते आणि मोबाइलची बॅटरी गेली होती. केनियात २००७ पासून ‘एम-पेसा’ नावाची व्यवस्था आहे. साध्या मोबाइलवरून पैसे पाठवायचे. आपल्याकडे यूपीआय आले ते २०१६ साली, त्याच्या नऊ वर्षे आधी. तिथे कोपऱ्यावरची भाजीवालीसुद्धा त्यावर व्यवहार करते. पण बंद पडलेल्या मोबाइलला त्याचा काय उपयोग? शेजारी बसलेल्या मासे विकणाऱ्या बाईने आपल्या मोबाइलवरून तिचे भाडे भरले, योग्य गाडीत बसवून दिले आणि एका चिठोऱ्यावर स्वतःचा नंबर लिहून दिला. दुसऱ्या दिवशी हिने पैसे परत पाठवले. वहीत नोंद आहे : ‘उसने घेतले, परत केले.’

आयुष्यभर मी कर्जाची प्रकरणे तपासली. तारण काय, जामीनदार कोण, उतारा कोरा आहे का. त्या मासेवाल्या बाईने यातले काही विचारले नाही. एका परक्या मुलीचा चेहरा पाहून तिने कर्ज मंजूर केले आणि ते बुडाले नाही. सगळी बँक अशी चालवता येणार नाही, हे मला कळते. पण आपल्या दारात उभ्या राहिलेल्या परप्रांतीय मजुराच्या मुलीचे भाडे आपण असे भरू का, हा प्रश्न मला त्या नोंदीने विचारला. आणि तो प्रश्न आमच्या मुलीलाही पडला, हे तिच्या पुढच्या निरोपातून दिसले.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. ऑगस्टच्या सुट्टीत तिला शिडाच्या होडीतून फिरायचे होते. म्हाताऱ्या नावाड्याने नकार दिला. म्हणाला, हा ‘कुसी’ वारा आहे, दक्षिणेकडून येणारा. समुद्र खवळलेला आहे. डिसेंबरात ये, तेव्हा ‘कास्काझी’ असेल, उत्तरेचा. याच दोन वाऱ्यांवर शेकडो वर्षे अरबी आणि गुजराती गलबते ये-जा करत होती. आता शाळेच्या भूगोलात आपण नैर्ऋत्य मोसमी वारे शिकतो. पण ते कोठून येतात? त्यांचा मोठा प्रवाह आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला घासून अरबी समुद्र ओलांडतो आणि आपल्याकडे पाऊस आणतो. म्हणजे ज्या वाऱ्याने आमच्या मुलीची सहल मोडली, त्याच्याच वाटेकडे तिचा बाप इकडे बांधावर उभा राहून डोळे लावून बसला होता. पुस्तकात हा धडा अर्ध्या पानाचा आहे. तिला तो एका दुपारी समजला.

येथे कोणी म्हणेल, की हे सारे फार गोड झाले. खरे आहे. या प्रथेची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणे योग्य नाही. परदेशी स्वयंसेवकांच्या नावाने आज मोठा व्यापार चालतो. श्रीमंत देशांतली मुले भरमसाट शुल्क भरून दोन-तीन आठवड्यांसाठी येतात, मुलांबरोबर छायाचित्रे काढतात आणि जातात. विहीर बांधायची तर गावातला गवंडी ती अधिक चांगली आणि स्वस्तात बांधतो. त्याचा रोजगार बुडतो तो वेगळाच. सर्वांत वाईट प्रकार अनाथालयांचा. कंबोडिया, नेपाळ अशा देशांत हे उघडकीला आले आहे, की अनाथ म्हणून ठेवलेल्या पुष्कळ मुलांचे आईबाप, निदान दोघांतला एक, हयात होता. पाहुणे यावेत, देणग्या याव्यात म्हणून मुले घरातून आणून ठेवली जात. लळा लावून महिन्याभरात निघून जाणाऱ्या माणसांची रांग त्या मुलांपुढून सरकत राहते. याला सेवा म्हणणे कठीण आहे. तेव्हा सुट्टीत शहर पाहण्यात पाप नाही. पाप आहे ते सुट्टीलाच सेवा म्हणण्यात.

काम खरे असेल तर ते कोठवर नेते, याचे उदाहरण शोधायला मराठी माणसाला दूर जावे लागत नाही. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचे नाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे, निदान १९४६ च्या शांताराम बापूंच्या चित्रपटामुळे. पण त्या कथेतला तरुण मुलगा आपण विसरतो. वैद्यकीय पदवी घेतलेला, पुढच्या शिक्षणाच्या तयारीत असलेला, अठ्ठाविशीही न गाठलेला. जपानने चीनवर आक्रमण केले होते आणि काँग्रेसने डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरवले. त्याने नाव दिले. पाच डॉक्टरांच्या त्या पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले आणि त्याच महिन्यात कँटन या किनाऱ्यावरच्या शहरात उतरले. पुढच्याच महिन्यात, २१ ऑक्टोबरला, ते शहर जपान्यांच्या हाती पडले. या मुलांनी पाहिलेले परदेशी बंदर असे होते.

कोटणीस चीनमध्ये असतानाच सोलापूरला त्यांचे वडील वारले. ते परतले नाहीत. पथकातील इतर चौघे एकेक करून मायदेशी आले. कोटणीस चिनी भाषा शिकले, १९४१ साली बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याच वर्षी ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याच्या ‘यिनहुआ’ या नावात भारत आणि चीन हे दोन्ही शब्द आहेत. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले, तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. दोन्ही देशांत पुढे १९६२ चे युद्ध झाले, सीमेवर आजही तणाव येतो-जातो, पण भारतात येणारे चिनी नेते कोटणीसांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले. एका तरुणाने शिक्षणात घेतलेल्या खंडाची ही जमा बाजू आहे. कोणत्या प्रतिज्ञापत्रात ती मावेल?

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. इथे का शाळा कमी आहेत? नाहीत. इथेही काम आहे आणि ते करण्याची परंपराही आहे. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर कितीतरी मुलांनी सरकारी शाळा-कॉलेजे सोडली. सानेगुरुजींनी १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांतात जाऊन राहावे, तिथली भाषा शिकावी. बाबा आमट्यांच्या आनंदवनात १९५० च्या दशकात निरनिराळ्या देशांतले तरुण येऊन बांधकामावर राबले. ते पाहून वरोऱ्यातल्या लोकांची कुष्ठरोगाची भीती ओसरू लागली, असे सांगितले जाते. सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आणि १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघालेली ‘भारत जोडो’ची सायकलयात्रा यांनी मराठी तरुणांच्या दोन पिढ्या घडवल्या. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून कॉलेजाकॉलेजांत आहे. डॉ. अभय व राणी बंग यांचे ‘निर्माण’ २००६ पासून तरुणांना हाच प्रश्न विचारते आहे, की शिक्षणाचे करायचे काय.

तेव्हा मोंबासालाच गेले पाहिजे असे मुळीच नाही. मेळघाट आमच्यापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे. पण वहिनींच्या प्रश्नाला एक उलटा प्रश्नही आहे. इथल्या शाळेत वर्षभर शिकवते, असे मुलगी म्हणाली असती, तर आपण आनंदाने हो म्हटले असते का? मला शंका आहे. आपली अडचण दूर जाण्याची नसते. मिळकत नसलेल्या वर्षाची असते.

ज्या घरांत हा विषय आज ना उद्या निघणार आहे, त्यांच्यासाठी माझ्या जुन्या धंद्याच्या सवयीने चार गोष्टी सांगतो. पहिली, काम नेमके काय आणि ते कोणी मागितले आहे, हे लेखी घ्यावे. आपण भरलेल्या शुल्कातला किती पैसा त्या शाळेला पोहोचतो, हे विचारण्यात संकोच करू नये. दुसरी, मुदत महिन्यांत मोजावी, आठवड्यांत नव्हे. तिसरी, कागद पक्के ठेवावेत. पर्यटकाच्या परवान्यावर बिनपगारी कामही अनेक देशांत चालत नाही. आफ्रिकेतील बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस आणि तिचा दाखला लागतो, नाहीतर परतताना विमानतळावरूनच विलगीकरणात जावे लागते. प्रवासविमा घ्यावाच. पैसे पाठवण्याची अडचण मात्र आता उरलेली नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा परकीय चलनासाठी माणसे हात जोडत. २००४ साली रिझर्व्ह बँकेने प्रत्येक माणसाला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली, ती आज अडीच लाख आहे. चौथी, मुलाने हिशेबाची वही ठेवावी. आमच्या मुलीच्या दहा महिन्यांचा सगळा खर्च, विमानभाड्यासह, अकोल्यातल्या एका ‘ड्रॉप’ वर्षाच्या खर्चापेक्षा कमी निघाला.

आणि एक मागणी विद्यापीठांकडे. नव्या शैक्षणिक धोरणाने मध्येच थांबण्याची आणि परत येण्याची सोय केली आहे. २०२१ पासून ‘श्रेयांक बँक’ही आहे. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तेथे सात वर्षांपर्यंत जमा राहतात. नाव बँकेचे आहे म्हणून मला थोडा अधिकाराने बोलू द्यावे : बँकेत फक्त शिल्लक सांभाळून भागत नाही, नवा भरणाही स्वीकारावा लागतो. वर्षभर इमानाने केलेल्या कामाची तपासून नोंद घ्यावी. आणि तोपर्यंत निदान त्या प्रतिज्ञापत्रात ‘या काळात मी पुढील काम केले’ अशी एक कोरी ओळ घालावी. तिला खर्च येत नाही.

आमच्या काळ्या जमिनीतला शेतकरी कपाशीवर कपाशी घेत नाही. मध्ये तूर, हरभरा घालतो. त्याने जमिनीचा कस टिकतो, पुढचे पीक चांगले येते. याला तो ‘बेवड’ म्हणतो. फेरपालटीचे ते वर्ष वाया गेले असे त्याला कधी वाटत नाही, कारण त्याचा हिशेब एका हंगामाचा नसतो. बालवाडीपासून पदवीपर्यंत मुलांच्या डोक्यात आपण सलग एकच पीक घेतो आणि मग कस गेला म्हणून हळहळतो. मुलगी आता परत आली आहे, पुढचे शिकते आहे. ती फार मोठी कोणी होईल की नाही, सांगता येत नाही. पण तुरीचे भाव पडले की आता आमच्या घरात एक वाक्य जास्त बोलले जाते : ‘‘तिकडच्यांचं काय झालं असेल?’’ ते वहिनीही बोलतात.